नोकरी दुबईत, मग घर शारजात का?

पैलतीर

दुबईत नोकरी लागलेल्या मराठी कुटुंबाला येथे आल्याआल्या मिळणारा पहिला सल्ला ठरलेला आहे, तो म्हणजे घर शेजारच्या शारजा अमिरातीत घ्या, भाड्यात पुष्कळ वाचेल. मी २०१९ मध्ये पुण्याहून आलो तेव्हा हा सल्ला मानला, पहिले वर्ष शारजाच्या अल नहदा भागात काढले आणि आता बुरजुमान मेट्रो स्थानकाजवळच्या एका जुन्या इमारतीत राहतो. कार्यालय दुबईत असणाऱ्याने निदान पहिली दोन वर्षे तरी शारजाच्या वाटेला जाऊ नये, मग एक खोली कमी मिळाली तरी चालेल, असे माझे आता ठाम मत आहे.

शारजात भाडे कमी पडते याबद्दल वाद नाही. परंतु दुबई मेट्रोची लाल मार्गिका २००९ मध्ये आणि हिरवी २०११ मध्ये सुरू झाली, तरी दोन्ही दुबईच्या हद्दीतच संपतात, त्यामुळे शारजाच्या माणसाला बस किंवा स्वतःची गाडी याखेरीज पर्याय उरत नाही आणि सकाळी सगळ्या गाड्या इत्तिहाद रस्ता आणि ३११ व ६११ क्रमांकाचे महामार्ग या मोजक्याच वाटांवर येऊन अडतात. माझे कार्यालय दुबईतल्या इंटरनेट सिटी भागात आहे. सव्वासहाला घर सोडले तर सव्वासातला पोहोचत असे. चहासाठी अर्धा तास रेंगाळलो तर साडेआठ वाजत. लवकर पोहोचून कार्यालयाच्या वाहनतळात गाडीतच डुलकी काढणारा मी एकटा नव्हतो, शेजारच्या चार गाड्यांतही माणसे मान टाकून झोपलेली असत.

पैशांचेही पाहा. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी सालिकच्या, म्हणजे दुबईच्या पथकराच्या, एका फाटकाला ६ दिरहम पडतात. जाता-येता एकेकच फाटक धरले तरी महिन्याच्या २२ दिवसांचे २६४ आणि वर्षाचे ३,१६८ दिरहम होतात, त्यावर पेट्रोल, विमा आणि गाडीचा हप्ता. मेट्रोजवळ राहणाऱ्याला गाडी घ्यावीच लागत नाही, ही बचत भाड्याच्या हिशेबात कोणी मांडत नाही.

नहदावासी

मी ११ वर्षे शारजात राहतो. आपण एका कार्यालयाचा अनुभव साऱ्या शहराला लावला आहे. माझे काम दुबईच्या कुसैसमध्ये, म्हणजे शारजाच्या सीमेला खेटून आहे आणि मला पोहोचायला वीस मिनिटे लागतात. इंटरनेट सिटीत काम असताना अल नहदात घर घेणे म्हणजे कार्यालय चर्चगेटला आणि घर बदलापूरला. त्यात चूक बदलापूरची कशी?

दुसरे, 'एक खोली कमी' हे तीन शब्द आपण फार सहज लिहून गेलात. आमच्याकडे दोन मुले आहेत आणि हिवाळ्यात सासूबाई तीन महिने येतात. त्या एका खोलीची किंमत दुबईत केवळ भाड्यात मोजून भागत नाही. दलालाची दलाली साधारण पाच टक्के, अनामत पाच टक्के, वर वार्षिक भाड्याच्या पाच टक्के इतके गृहशुल्क बारा हप्त्यांत वीज-पाण्याच्या बिलातून कापले जाते. (वीज-पाणी मंडळाच्या DEWA या लघुनावाचा उच्चार आपल्याकडे 'देवा' असाच होतो, त्यामुळे आमचे दुबईकर मित्र दर महिन्याला देवाचे देणे फेडतात.) शिवाय शारजाच्या कायद्याने पहिली तीन वर्षे भाडे वाढवता येत नाही. दुबईत मात्र घरमालकाने ९० दिवस आधी सूचना दिली आणि आपले भाडे सरकारी भाडे-निर्देशांकाच्या बरेच खाली असले, तर नूतनीकरणात २० टक्क्यांपर्यंत वाढ कायदेशीर ठरते.

उकाडा

आपण दोघेही नकाशावर भांडत आहात आणि ऋतू विसरत आहात. येथे नवीन येणारा माणूस बहुधा जानेवारीत घर पाहतो, तेव्हा हवा महाबळेश्वरसारखी असते आणि 'मेट्रोपासून दहा मिनिटे' हे वाक्य गोड वाटते. जुलैच्या दमट सकाळी इमारतीच्या दारातून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुके धरते, ते पुसेपर्यंत सदरा पाठीला चिकटतो, आणि त्या अवस्थेत दहा मिनिटे चालून माणूस बैठकीला बसण्याच्या लायकीचा राहत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर काम करवून घेण्यास या देशात कायद्यानेच मनाई आहे, यावरून काय ते समजावे.

म्हणून माझ्या मते अमिरात कोणती हा प्रश्न दुय्यम आहे, आधी इमारत पाहावी. खिडक्या पश्चिमेला आणि त्याही पूर्ण काचेच्या असतील तर तिसऱ्या प्रहरानंतर ती खोली वापरात राहत नाही. जाहिरातीत 'चिलर फ्री' (म्हणजे थंडाव्याचा खर्च भाड्यातच) लिहिले आहे का, की थंडाव्याचे बिल वेगळ्या कंपनीकडून येणार, हे सही करण्यापूर्वी विचारावे. छतावरील टाकीचे पाणी उन्हाळ्यात कढत येते. येथे मुरलेली माणसे मेमध्येच गीझर बंद करतात आणि गीझरच्या टाकीत, घरातल्या थंड हवेत निवलेले पाणी आंघोळीला घेतात. पण हे तेव्हाच जमते जेव्हा गीझर घराच्या आत असतो. मी घर पाहायला गेलो की दिवाणखान्याआधी, गीझर तेथे आहे का म्हणून, न्हाणीघराचे छत पाहतो, दलाल हसले तरी हरकत नाही.

पैलतीर

इमारतीचा मुद्दा मान्य आहे. नहदावासी यांना मात्र विचारावेसे वाटते की १६ एप्रिल २०२४ त्यांना आठवते का? दुबई विमानतळावर चोवीस तासांत सुमारे १४२ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे येथील वर्षभराच्या सरासरीपेक्षाही जास्त, आणि शारजाच्या कित्येक वस्त्यांत पाणी बरेच दिवस हटले नाही. माझा एक सहकारी चौथ्या दिवशी तराफ्यावर बसून इमारतीबाहेर आला. स्वस्ताईची ही बाजू कोणत्या रकान्यात लिहायची?

नहदावासी

आठवते, आम्हीही अडकलो होतो. परंतु त्याच पावसाने आपल्या लाडक्या लाल मार्गिकेची चार स्थानके काही आठवडे बंद पडली होती, हेही त्याच रकान्यात लिहावे. पाण्याला अमिरातीची सीमा कळत नाही, सखल भाग कळतो. शारजातही उंचावरच्या वस्त्या आहेत आणि घर घेण्यापूर्वी पहारेकऱ्याला 'त्या एप्रिलमध्ये तळघरात पाणी होते का' एवढे विचारले की तो खरे सांगतो.

चार चेक

मी एकटी राहते, म्हणून या चर्चेत माझी जागा मला दिसत नाही. आपण सर्व कुटुंबवाले आहात. शारजातील अनेक इमारती 'फक्त कुटुंबांसाठी' असतात आणि अविवाहित स्त्रीलाही तेथे दाराशीच अडवले जाते. दुबईत ओळखपत्र आणि चेकबुक हाती येईपर्यंत वर्षभराचे घर मिळणे कठीण, कारण भाडे पुढच्या तारखांच्या दोन किंवा चार चेकने आगाऊ द्यावे लागते. मग नवा माणूस 'पार्टिशन'मध्ये जातो, म्हणजे दिवाणखान्यात लाकडी फळ्या ठोकून केलेल्या, खिडकी नसलेल्या खोलीत. जून २०२५ मध्ये दुबई महापालिकेने रिग्गा, मुरक्काबात, सतवा, बर्शा आणि रफ्फा या भागांत अशा खोल्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा माझ्या ओळखीच्या दोघी एका रात्रीत सुटकेस घेऊन रस्त्यावर आल्या. त्यामुळे पैलतीर यांचा 'लहान घेतले तरी चालेल' हा सल्ला एकट्या माणसाच्या बाबतीत धोक्याचा आहे. किती लहान, आणि 'इजारी'च्या, म्हणजे दुबईच्या सरकारी भाडेकरार-नोंदणीच्या, नोंदीत आपले नाव आहे की नाही, हे सांगितल्याशिवाय तो देऊ नये.

पैलतीर

चार चेक यांची दुरुस्ती मी स्वीकारतो. माझ्या डोळ्यांसमोर नोंदणीकृत घरच होते, परंतु तसे लिहायला हवे होते. प्रवासाबद्दलचे माझे मत मात्र कायम आहे, कारण नहदावासी यांची कुसैसची नोकरी उद्या जबल अलीला गेली तर वीस मिनिटांचे दोन तास होतील, आणि येथे नोकऱ्या घरांपेक्षा लवकर बदलतात.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगणे भाग आहे. ९० दिवसांची सूचना मला परवाच आली. निर्देशांकात तपासून पाहिले, मागितलेली १० टक्के वाढ नियमात बसते आणि ती मी देणार आहे. पत्नीने मात्र त्याच रात्री अल नहदामधल्या घरांच्या जाहिराती उघडल्या. या नावाची वस्ती सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. ती दुबईकडची पाहत होती की शारजाकडची, हे मी अजून विचारलेले नाही.