जूसर घरीच उघडलात का? काय झालं ते सांगा

काल सकाळी गाजर-बीट चिरून घेतलं, जूसरचं बटण फिरवलं आणि काहीच नाही. घरघर नाही, जळका वास नाही, अगदी मुका. आदल्या रात्री धुऊन ठेवला तोवर ठणठणीत होता. दुरुस्तीवाला फोनवरच म्हणाला, "मोटर गेली असेल, टाकून जा." न बघता मोटर कशी गेली, ते मला काही कळलं नाही. घरच्यांचं म्हणणं, नवा घेऊ. मला आधी एकदा उघडून बघायचाय. तुमच्यापैकी कुणी जूसर, मिक्सर, काहीही घरी दुरुस्त केलंय? जमलेलं सांगा, फसलेलं तर नक्कीच सांगा.

सांगलीहून
ताई, उघडायच्या आधी पालथा करा. बऱ्याच मशीनच्या तळाला छोटं लाल बटण असतं, ओव्हरलोडचं. मोटरवर ताण आला की ते वीज तोडतं. प्लग काढून पाच-दहा मिनिटं गार होऊ द्यायचं आणि दाबायचं. आमच्या भाच्याने बर्फासकट कलिंगड घातलं होतं, मशीन बंद पडलं. मला हे बटण माहीत नव्हतं, रिक्षा करून गावात घेऊन गेलो. दुकानदाराने पालथं केलं, बटण दाबलं, परत दिलं. पैसे घेतले नाहीत, नुसता हसला. पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

नाशिकहून
आमचा किस्सा न झालेल्या बिघाडाचा. मोसंबी पिळायचं छोटं विजेचं यंत्र आणलं. वर अर्धं फळ दाबलं की फिरतं, ते. सासूबाई म्हणाल्या, "हे खुळं आहे, कधी डावीकडे फिरतं, कधी उजवीकडे." मीही बिघडलंय म्हणून परत करायला निघाले होते. धाकट्या दिराने समजावलं, की यातली मोटरच अशी असते, सुरू होताना कुठल्याही दिशेने सुटते, आणि उलटसुलट फिरल्याने फळ उलट चांगलं पिळलं जातं. आठ वर्षं झाली, अजून तसंच फिरतंय.

पुण्याहून
जूसर-मिक्सर-ग्राइंडर, तिन्ही एकातच. भांड्याखालून काळपट पाणी गळायला लागलं. आम्ही दोन महिने फडकं ठेवून काम चालवलं, ही पहिली चूक. ते पाणी भांड्यातून नाही, पात्याच्या दांड्याभोवतीच्या बुशमधून, म्हणजे दांडा धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून येतं. बुश झिजला की दांडा हलतो, रस खाली उतरतो आणि तिथून थेट मोटरवर. पातं धरून हलवून बघा. लटपटत असेल तर बुश गेला.

विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत भांडं घेऊनच गेलो, कारण नुसतं मॉडेल सांगून मिळणारा बुश कधीच बसत नाही. घरी येऊन बसवला. आता हात शिवशिवत होते, म्हणून मोटरवरचा दातेरी कपलरही, म्हणजे मोटर आणि पातं जोडणारी चकती, बदलायला घेतला. त्याचे दात गोल झाले होते. मोटर फिरायची, पातं नुसतं थरथरायचं. तळाचं झाकण काढलं, मोटरच्या दांड्याला खालून खाच होती, तिच्यात स्क्रूड्रायव्हर घालून दांडा धरला आणि वरून कपलर नेहमीच्या दिशेने सोडवायला लागलो. हलेना. पक्कड लावली, अजून घट्ट. शेवटी वैतागून उलटा पिळला तर अलगद सुटला. मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने तो सुटतो, कारण चालताना भार पडून तो आपोआप आवळला जावा अशीच त्याची आटी असते. हे कुणी आधी सांगितलं असतं तर एक कपलर आणि दोन नखं वाचली असती.

डोंबिवलीहून
पुणेकर, आमच्या जुन्या मिक्सरचा कपलर साध्या स्क्रूने बसवलेला होता. तेव्हा सगळ्यांनी पक्कड घ्यायच्या आधी डोळे घ्या. बाकी बुशबद्दल शंभर टक्के सहमत. आणि खडेमीठ फिरवून पात्याला धार येते असं जे आई-मावश्या सांगतात, ते मी करून बघितलं. पातं चकचकीत झालं, धार होती तेवढीच राहिली.

नागपूरहून
संत्र्याचा रस कडू यायला लागला तर मी जूसरच्या जाळीला दोष देत होतो. जाळी खराब होऊन साल वगैरे उतरत असेल असं वाटलं. नवी जाळी आणली, तरी कडूच. मग वडिलांनी बघितलं, म्हणाले, "अरे बाप्पा, बियांसकट घालतोस काय!" बिया आणि फोडींवरचा पांढरा पापुद्रा दळला गेला की कडवटपणा येतो, आणि रस ठेवला तर वाढतच जातो. आता बिया काढतो, लगेच पितो. जुनी जाळी परत लावली आहे, नवी माळ्यावर.

जाळीवरून आठवलं: गाजराचा केशरी डाग साबणाने जात नाही, आधी खोबरेल चोळा, मग साबण. रंग तेलात सुटतो.

न्यू जर्सीहून
इथे वीज 120 व्होल्ट. भारतातला 750 वॉटचा मिक्सर सरळ लावला तर म्हाताऱ्यासारखा फिरला, चटणीसुद्धा होईना. मग व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला, पण काटकसर करून 500 वॉटचा. दोन वेळा फ्यूज उडाला तेव्हा अक्कल आली. याच्या उलट काम मेहुण्याने केलं. इथला जूसर कराडला नेला आणि पिना बदलणारं अडॅप्टर लावून चालू केला. ते फक्त पिना बदलतं, व्होल्टेज नाही! जूसर दोन सेकंद विमानासारखा ओरडला, मग धूर. तो दुरुस्त झाला नाही, त्याची कुंडी झाली.

बंगळुरूहून
आमचा हळू फिरणारा, मळसूत्र दाबून रस काढणारा. आल्याचे लांब तंतू मळसूत्राला गुंडाळले गेले आणि घट्ट अडकला. उलट दिशेचं बटण थोडं थोडं दाबून सोडवला. खरी गंमत पुढे. धुतल्यावर रस खालून गळायला लागला, मी तळ उघडायच्या तयारीत. बायको म्हणाली, "ही सिलिकॉनची रिंग कसली?" रिंग भांडी घासायच्या जाळीत पडली होती.

कोल्हापूरहून
फसलेलं मागितलंय ना, घ्या. ठिणग्या दिसत होत्या म्हणून कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे तुकडे, बदलायला बसलो. टोपी सोडली आणि आतली स्प्रिंग उडाली. घरभर शोधली. नवी जोडी 60 रुपयांना मिळाली, स्प्रिंगसकट, बसवली, मशीन झकास चालू झालं. जुनी स्प्रिंग चार दिवसांनी पिठाच्या डब्यात सापडली. घरात अजून शांतता नाही.

ठाण्याहून
आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे, म्हणून जरा शिस्तीत विचारतो. ताई, पॉइंट दुसरं काही लावून तपासलात? लाल बटण दाबलंत? दोन्ही ठीक असेल तर झाकणाच्या कड्या बघा. फिरत्या जाळीच्या जूसरमध्ये कड्या नीट बसल्याशिवाय आतला छोटा स्विच दबत नाही, आणि तो दबल्याशिवाय मोटरला वीजच जात नाही. उघड्या झाकणाने जाळी फिरू नये म्हणून ही सोय. काही मॉडेलमध्ये कडी एक बारीक खिट्टी खाली दाबते. तिच्याभोवती चोथा सुकला की खिट्टी अडकते. धुतल्यानंतर लगेच बंद पडला म्हणताय, त्यात घरघरही नाही, म्हणून माझा पहिला संशय तिथेच. मोटर जाम असती तर निदान गुणगुणली असती. स्विचला तार जोडून बायपास मात्र करू नका. हात कापलेले पाहिलेत.

पुन्हा मीच
पॉइंटला इस्त्री लावून बघितली, तापली. लाल बटण आहे हेच काल कळलं. दाबलं, काही नाही. मग प्लग काढून कड्यांकडे वळले. डावीकडची खिट्टी खाली जायची, वर यायची. उजवीकडची हलतच नव्हती. भोवती बिटाचा चोथा, सुकून दगड झालेला. कोमट पाण्यात बुडवलेला जुना टूथब्रश, मग दात कोरायची काडी, पाऊण तास. कोरडा करून रात्रभर ठेवला.

आज सकाळी चालू झाला. गाजरं मात्र काल कोशिंबिरीत संपली होती, म्हणून रिकामाच फिरवला, दोनदा.