लेस्ली नील्सनला विनोदवीर म्हणायचं का खरंच?

खवचट_खारूताई: काल परत 'एअरप्लेन!' बघितला, १९८० चा तो विमानातला इंग्रजी विनोदी पिक्चर, नील्सन डॉक्टर झालाय तो. हसून पोट दुखलं ते आहेच, पण नील्सनला सगळे थोर विनोदवीर म्हणतात ते मला काही पटत नाही. सरळ चेहऱ्याने डायलॉग म्हटलेत बस. थापा मारताना डॉक्टरचं नाक लांब होत जातं, त्यात अभिनय कुठे आला? कमाल सगळी पिक्चर लिहिणाऱ्या आणि दिग्दर्शित करणाऱ्या झकर बंधू आणि जिम अब्राहम्सची, आणि त्यांनी तरी १९५७ च्या 'झिरो अवर!' ह्या गंभीर पिक्चरची अख्खी गोष्ट उचललीय, मासे खाऊन पायलट आजारी वगैरे, हिरोचं आडनावसुद्धा तेच.

मॅटिनी_शो: अहो सरळ चेहरा ठेवणं हेच तर अवघड! स्टुडिओला विनोदी नट हवे होते, ह्या तिघांनी हट्टाने रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज असे करारी भूमिका करणारे लोक घेतले. पण लक्षात कोण राहिला? कॉकपिटमध्ये डोकं घालून 'ऑल द बेस्ट, आमची भिस्त तुमच्यावर' हे नील्सन परत परत सांगतो, विमान उतरल्यावरसुद्धा. कागदावर त्यात काय आहे सांगा बघू.

खवचट_खारूताई: 'पोसायडन ॲडव्हेंचर'मध्ये (१९७२) तो जहाजाचा कॅप्टन होता, तिथे ह्याच चेहऱ्याने ह्याच आवाजात बोलतो, कोणी हसलं नाही. नट तोच, बदलली ती वाक्यं.

पॉपकॉर्नवाला: मग 'नेकेड गन' बघा ना, १९८८. आधी त्याची टीव्ही सिरीयल 'पोलिस स्क्वॉड!' सहा भागांत गुंडाळली होती, त्यातलाच हा इन्स्पेक्टर. बेसबॉलच्या मैदानात अंपायर बनून पब्लिकच्या टाळ्या ऐकून जो चेकाळतो आणि नाचायलाच लागतो, तिथे वाक्यं कुठायत? साठी उलटली होती त्याची तेव्हा.

खवचट_खारूताई: आणि 'मिस्टर मगू'? १९९७. तिथे मुद्दाम विनोदी नट म्हणून घेतला, तोंडं वेडीवाकडी करून झाली, हसू काही येत नाही. चांगले लेखक नसले की उरलं काय?

मॅटिनी_शो: मगू मी पण अर्ध्यात बंद केला, वादच नाही. पण उलटं करून बघा की. त्याच तिघांचा 'टॉप सीक्रेट!' (१९८४), तेच डोकं, तसेच मिनिटाला चार जोक, नील्सन तेवढा नाही. आज किती जण बघतात तो?

पॉपकॉर्नवाला: ए, 'टॉप सीक्रेट!'ला नावं ठेवायची नाहीत हं! व्हॅल किल्मरचा पहिला पिक्चर आहे तो. त्यावर वेगळं भांडू.