गुडघे दुखतात म्हणून आईला बसवून ठेवू नका

दादा, गुडघे झिजलेत म्हणून आईला खाटेवरून उठू देत नाही, असं तुम्ही लिहिलंत. माया समजते, पण तेवढं करू नका. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, रक्तवाहिन्या नसतात. चालण्या-हलण्यानं सांध्यातलं वंगण तिच्यात मुरतं, तेच तिचं पोषण. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात अन् भार गुडघ्यावरच येतो.

माझ्या मायचं अर्धं आयुष्य निंदणात अन् कापूस वेचण्यात गेलं. आता ती सकाळी खाटेवर पाय लांब करते, गुडघ्याखाली लुगड्याची घडी ठेवते, ती गुडघ्यानं खाली दाबून ५ आकडे मोजते अन् सोडते. एकेका पायाला १० वेळा. पहिले पंधरा दिवस कुरकुरली. दोन महिन्यांनी भिंतीला हात न लावता ओट्याची पायरी चढली, तेव्हा माझेच डोळे भरून आले. व्यायामानंतर २ तासांहून जास्त दुखत राहिलं, तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

उकिडवं बसणं मात्र बंदच. संडासात खुर्ची द्या. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनानं रोज देऊ नका, किडनीला अन् पोटाला बाधतात. गुडघा लाल, गरम होऊन सुजला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.