बेसमेंटमधला सोफा कोणाचा आहे

१० मे २०२५, शनिवार

सबनीस ए-३०४, स. ९.१२
सेक्रेटरी साहेब टीव्ही बघताय ना? तिकडे पाकिस्तानने अणुबॉम्बवाल्या कमिटीची मीटिंग बोलावलीय आणि आपल्या बेसमेंटमध्ये पाय ठेवायला जागा नाही. बुधवारी मॉकड्रिल झालं तेव्हाच बोललो होतो. सोफा कोणाचा आहे??

मोरे सेक्रेटरी, ९.२०
सुप्रभात. नोटीस लावलेली आहे. कृपया कोणी घाबरून जाऊ नये 🙏

राणे वहिनी, ९.३१
*अत्यंत महत्त्वाचे* अणुहल्ला झाल्यास आयोडीनचं मीठ कोमट पाण्यातून घ्या, किरणं बाधत नाहीत. सगळ्या ग्रुपवर पाठवा

जोशी बी-२०२, ९.३३
वहिनी मला बीपी आहे, मी बॉम्बच्या आधी मिठानेच जाईन 😂

कुलकर्णी काका, ९.४८
मीठ पिऊ नका कोणी. गोळी वेगळी असते, पोटॅशियम आयोडाइडची, ती पण फक्त थायरॉइड वाचवते आणि कधी घ्यायची ते सरकार सांगतं. एका गोळीएवढं आयोडीन मिठातून घ्यायचं तर तीन किलोच्या वर मीठ खावं लागेल. ३१ वर्षं ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात काढली आहेत मी, जरा ऐका.

तेजस ए-५०१, ९.५५
काका एकदाचं टाकून मोकळं व्हावं. रोजची कटकट नको

कुलकर्णी काका, १०.०९
बाळा लाहोर अमृतसरपासून ५० किलोमीटर, वारा काय व्हिसा घेऊन येतो का? आपण १९९८ च्या ११ आणि १३ मे ला पोखरणला चाचण्या केल्या, त्यांनी २८ ला चागाईत केल्या, तेव्हापासून हेच चालू आहे. सिप्री म्हणजे जगातल्या शस्त्रांचा हिशोब ठेवणारी स्वीडनची संस्था, तिच्या २०२४ च्या अंदाजात आपले अणुबॉम्ब १७२ आणि त्यांचे १७०. आपण म्हणतो आधी वापरणार नाही, पण आमच्यावर टाकला तर उत्तर प्रचंड देणार. ते पहिल्याबद्दल वचन देतच नाहीत, उलट ६० किलोमीटरचं नस्र क्षेपणास्त्र काढलंय, रणांगणापुरता छोटा बॉम्ब म्हणून. म्हणजे ते छोटा म्हणून टाकणार आणि आपल्या हिशोबात छोटा असं काही नाहीच. मला भीती वाटते ती इथे.

सबनीस, १०.११
सगळं बरोबर पण सोफा?

दामले बी-१०३, १०.२०
बेसमेंटमध्ये जुलैत घोटाभर पाणी असतं, बिल्डरला लिहून लिहून थकलो, शेल्टर कसलं करताय. आणि ज्यांचा आठ महिने मेंटेनन्स थकलाय त्यांनी तरी सोसायटीला शिकवू नये

सबनीस, १०.२१
नाव घेऊन बोला दामले

मोरे सेक्रेटरी, १०.२५
वैयक्तिक नको 🙏🙏

सुलभाताई ए-१०१, १०.४०
७१ ला आम्ही खिडक्यांना काळा कागद लावलेला, गव्हाच्या खळीने. आई म्हणाली चिकटव नीट, तर मी इतका नीट चिकटवला की युद्ध १३ दिवसांत संपलं आणि कागद पुढच्या दिवाळीपर्यंत खरवडत होतो. खाली पोरं ओरडायची, तिसरा मजला दिवा घालवा!

तेजस, १२.१५
त्यांचा संरक्षणमंत्री म्हणतो अशी मीटिंगच नाही 😂

कुलकर्णी काका, १२.३०
बातमी सोडायची आणि मग नाही म्हणायचं, जिथे ऐकू जायला हवं तिथे जातं. पण एक सांगतो, ३१ डिसेंबर १९८८ ला राजीव गांधी आणि बेनझीरनी करार केला, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोघे आपापल्या केंद्रांची यादी समोरच्याला देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, यादी चुकली नाही. यंदाही दिली.

जोशी, १२.३४
म्हणजे पाकिस्तानकडे आपल्या अणुभट्ट्यांची यादी आहे आणि सबनीसांना सोफ्याचा पत्ता नाही 😂😂

सबनीस, १२.३५
हसा. सोफा कोणाचा आहे

राणे वहिनी, सायं. ५.५२
युद्धविराम झाला!!! अमेरिकेने सांगितलं

तेजस, ५.५४
लाज आहे. आपण का थांबलो

कुलकर्णी काका, ६.२०
परराष्ट्र सचिव मिसरींनी आत्ताच सांगितलं, ३.३५ ला पाकिस्तानच्या डीजीएमओचा, म्हणजे लष्करी मोहिमांच्या प्रमुखाचा, फोन आला होता आपल्या डीजीएमओला. फोन उचलायला समोर माणूस आहे, ही लहान गोष्ट नाही. अमेरिकेने आधी जाहीर करावं हे मलाही आवडलं नाही, ते वेगळं.

दामले, ६.२४
आता तरी पार्किंगचं बोलूया का

सबनीस, रा. ९.०५
श्रीनगरला परत ड्रोन दिसले म्हणतायत. सोफा.

मोरे सेक्रेटरी, ९.१५
ठीक आहे. उद्या ११ वाजेपर्यंत कोणी नेला नाही तर भंगारवाल्याला देण्यात येईल.

जोशी, ९.१६
अहो भंगारात कशाला, सागवानी फ्रेम आहे त्याची

सबनीस, ९.१६
जोशी.