देणाऱ्याचा फोटो नको, बातमी पाहिजेच
दादा, तुम्ही म्हणताय दान करताना या हाताचं त्या हाताला कळू नये, मग पेपरात कशाला. देणाऱ्याचा फोटो नसू दे की, पण कामाची बातमी पाहिजेच ओ. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवा, कृष्णा तीच, पाणी तेच, पण मराठी चॅनलवर दिवसभर कोल्हापूर-सांगली आणि आमचं कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातलं चिकोडी, रायबाग, अथणी कुठंतरी खालच्या पट्टीत, मग पुण्या-मुंबईचे ट्रक इकडं वळणार कसे? आणि बातमी नसली की लोक अंदाजानं जुने कपडे पाठवत बसतात, इथं दावणीला म्हैस उपाशी, तिला वैरण पाहिजे असते. बातमीदारानं पाणी ओसरल्यावरपण गावात जाऊन विचारावं, पडलेलं घर बांधलं काय, जमलेला पैसा कुठं गेला.