पावसाळ्यात मूर्तिशाळा गॅसवर तापवणे परवडेल का?

खेतवाडीचा_कारखाना

नमस्कार मंडळी,

गिरगावात आमचा गणेशमूर्तींचा छोटा कारखाना आहे. खाली गाळा आणि वर आम्ही राहतो. गाळा साधारण वीस फूट बाय तीस फूट, उंची बारा फूट, आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा तीन पायऱ्या खाली. काम बहुतांशी शाडूचे असल्यामुळे जून ते ऑगस्ट हे तीन महिने आमच्यासाठी कामाचेही आणि डोकेदुखीचेही. मूर्ती वरवर सुकलेली दिसते, पण बैठकीच्या मागच्या बाजूला हात लावला की गार लागते, आणि तशा मूर्तीवर सफेदा मारला की काही दिवसांत पापुद्रे सुटू लागतात.

आतापर्यंत आम्ही एक हजार वॅटचे हॅलोजन दिवे रात्रभर लावत आलो. विजेचा दर सगळे आकार धरून युनिटला ११ रुपयांच्या घरात जातो. माझा मावसभाऊ अमेरिकेत व्हरमाँट राज्यात असतो. त्याचे घर आणि शेजारची सुतारकामाची शेड दोन्ही प्रोपेनवर तापतात. त्याच्याशी बोलल्यावर वाटले की आपणही १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घेऊन गॅसचा हीटर लावावा. मी सिलिंडरचा दर १,७०० रुपये धरला आहे. म्हणजे किलोला सुमारे ९० रुपये. विजेपेक्षा हे स्वस्त पडेल का? जमल्यास त्याच जोडणीवर वरच्या मजल्यावरचे आंघोळीचे पाणीही तापवावे, असाही विचार आहे. जाणकारांनी कृपया हिशेब तपासून सांगावा.

निवृत्त_बॉयलरवाला

तुम्ही उष्णतेपुरता हिशेब मांडलात तर गॅस स्वस्तच निघेल. एक किलो एलपीजी जळाल्यावर साधारण १२.७ युनिट विजेइतकी उष्णता मिळते. ९० रुपयांना १२.७ म्हणजे युनिटला सात रुपयांच्या थोडे वर, आणि तुमची वीज ११ ची. धुराडे नसलेला हीटर ही सगळी उष्णता खोलीतच सोडतो, त्यामुळे कागदावर गॅसच जिंकतो. परंतु तुम्हाला उष्णता विकत घ्यायची नसून मातीतले पाणी बाहेर काढायचे आहे, आणि तिथे हा हिशेब उलटतो.

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. प्रोपेन असो वा ब्युटेन, जळताना त्यातल्या हायड्रोजनचे पाणी होते. रसायनशास्त्राच्या समीकरणाप्रमाणे ४४ ग्रॅम प्रोपेनमधून ७२ ग्रॅम पाणी तयार होते. आपल्याकडच्या मिश्र एलपीजीसाठी एका किलोमागे १.६ किलो धरायला हरकत नाही. याचा अर्थ १९ किलोचा सिलिंडर गाळ्यात जाळलात की सुमारे तीस लिटर पाणी वाफेच्या रूपाने तुम्ही स्वतःच मूर्तींच्या भोवती सोडलेत, आणि तेही पैसे मोजून. पाइपच्या गॅसनेही यातून सुटका नाही, कारण तो मुख्यतः मिथेन असतो, आणि मिथेनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण उलट अधिक असते.

तुमचाच गाळा घेऊ. त्याचे आकारमान सुमारे दोनशे घनमीटर होते. जुलैत बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर एका घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम वाफ असते. हीच हवा विजेने ३५ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि मूर्ती सुकू लागते. मात्र तेवढ्याच बंद गाळ्यात एक किलो गॅस जाळून ३५ अंश गाठले, तर प्रत्येक घनमीटरमागे जवळजवळ आठ ग्रॅम वाफेची भर पडते आणि आर्द्रता ७७ टक्क्यांवर अडकते. वाफ घालवण्यासाठी खिडकी उघडावी, तर तापवलेली हवा निघून जाते आणि बाहेरची दमट हवा आत येते. खिडकी बंद ठेवणे तर त्याहून वाईट, कारण प्राणवायू कमी पडून अर्धवट ज्वलन होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एवढ्यावरून माझे मत स्पष्ट आहे: धुराडे नसलेला गॅस हीटर तुमच्या कामाचा नाही, दर कितीही उतरला तरी.

मावसभावाकडे हे चालते, कारण तिथली अडचणच निराळी आहे. तिकडच्या भट्टीतला धूर आणि वाफ नळीवाटे घराबाहेर जाते. एका गॅलन प्रोपेनमध्ये ९१,५०० बीटीयू (उष्णता मोजण्याचे तिकडचे एकक), म्हणजे सुमारे २७ युनिट उष्णता असते आणि चांगली भट्टी त्यातली ९५ टक्क्यांपर्यंत उष्णता घराला देते. शिवाय उणे दहा अंशांच्या एका घनमीटर हवेत वाफ मावते जेमतेम अडीच ग्रॅमच्या आत. ती हवा घरात येऊन वीस अंशांवर गेली की आर्द्रता बारा टक्क्यांच्या आसपास उतरते. तिथले लोक हिवाळ्यात हवेत ओलावा सोडणारी यंत्रे विकत घेतात. गिरगावात असे यंत्र कोणी फुकट दिले तरी घेणार नाही!

लालबागकर

वरील विवेचन पटले. मूर्तिकार म्हणून एक गोष्ट सांगतो: स्वस्त उष्णता मिळाली तरी शाडूला ती मानवत नाही. शाडू सुकताना आवळतो, आणि बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी आवळला की तडा ठरलेलाच; कान, बोटे, सोंडेचे टोक आधी सुकतात, तर पोट आणि बैठक मागे राहते. हॅलोजनची मुख्य खोड हीच, की दिव्याकडची बाजू भाजून निघते आणि मागची बाजू ओली राहते. आमच्याकडे मूर्ती साच्यातून निघाल्यावर पहिले काही दिवस तिच्यावर प्लास्टिक सैल टाकून ठेवतात, पातळ भागांवर ओले फडके गुंडाळतात आणि माती नखाला टणक लागू लागल्यावरच पंख्याची हवा देतात, तीही भिंतीवर आपटून येणारी. मूर्ती थेट जमिनीवर न ठेवता दोन पट्ट्यांवर उचलून ठेवावी, म्हणजे बैठकीखालून हवा खेळते. सफेद्याचे पापुद्रे सुटण्याचे निम्मे प्रकार एवढ्यानेच थांबतात, असा माझा अनुभव आहे.

प्लास्टरचे साचे त्याच खोलीत ठेवत असाल, तर ५० अंशांच्या वर जाऊ नये; जास्त उष्णतेने प्लास्टरमधले बांधलेले पाणी सुटते आणि साचा कडेने भुसभुशीत होतो.

अंधेरीची_हिशेबनीस

मी एका गॅस वितरकाकडे बरीच वर्षे हिशेब सांभाळले, म्हणून नियमांबद्दल लिहिते. दादा, कोणी तुम्हाला घरचा १४.२ किलोचा सिलिंडर खाली वापरण्याचा सल्ला देईल, कारण त्यावर जीएसटी पाच टक्के आणि व्यावसायिकवर अठरा. तो सल्ला ऐकू नका. घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरण्यास २००० सालच्या एलपीजी नियमन आदेशाने मनाई आहे, आणि दुर्घटना घडल्यास विमा कंपनी सर्वात आधी हेच विचारते. १,७०० चा आकडाही वर्षभराचा म्हणून धरू नका. व्यावसायिक सिलिंडरची किंमत साधारणपणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलते.

मला सर्वाधिक खटकल्या त्या तुमच्या तीन पायऱ्या. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाली तर तो खिडकीतून वर निघून जाणार नाही. पायऱ्यांखालच्या गाळ्यात जमिनीलगत साचून राहील, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले की एक ठिणगी पुरते. तुमच्याकडे काथ्या, कागद, थिनर आणि फवारणीचे रंग असणारच, आणि वर कुटुंब झोपलेले. अशा ठिकाणी सिलिंडर नसावाच.

आंघोळीच्या पाण्याचा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे आणि तिथे गॅस खरोखर परवडतो. पंधरा लिटरची बादली २५ वरून ४२ अंशांवर नेण्यास ०.३ युनिट उष्णता लागते. विजेच्या गिझरवर ११ च्या दराने ते सव्वातीन रुपये झाले. एप्रिल २०२५ मध्ये मुंबईत घरगुती सिलिंडर ८५२.५० रुपये झाला. तो दर धरून आणि गिझरची कार्यक्षमता ८० टक्के मानून हीच बादली पावणेदोन-दोन रुपयांत तापते. घरचा विजेचा दर गाळ्यापेक्षा कमी असेल, तर फरक आणखी आक्रसेल. तुमच्या इमारतीत महानगर गॅसची पाइपलाइन आली असेल, तर सिलिंडर चढवण्याचाही त्रास नाही, शिवाय तो गॅस हवेपेक्षा हलका आहे. परंतु गॅसचा गिझर बंद न्हाणीघरात बसवू नये. तो बाहेरच्या सज्जात किंवा मोकळ्या जागी असावा आणि पाणी तेवढे नळीने आत यावे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. दार लावून आंघोळीला गेलेल्या माणसाला काही कळण्याआधी शुद्ध जाते.

खेतवाडीचा_कारखाना

सर्वांचे मनापासून आभार. गॅस हीटरचा विचार सोडला. गिझरसाठी मागच्या सज्जात जागा आहे, तिथे पाइपच्या गॅसची चौकशी करतो. आता प्रश्न उरतो सुकवण्याचा. हवेतला ओलावा ओढणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, घेतल्यास किती खर्च येईल? दीड फुटाच्या सुमारे शंभर मूर्ती आहेत आणि एक मंडळाची पाच फुटी, जी जागची हलवता येत नाही.

निवृत्त_बॉयलरवाला

आता योग्य प्रश्न विचारलात. चांगले यंत्र आपल्या दमट हवेत एका युनिटमध्ये दीड ते अडीच लिटर पाणी काढते, दोन धरू. दीड फुटी ओल्या मूर्तीत तीन-चार लिटर पाणी असल्याचे मानले, तर शंभर मूर्तींचे साडेतीनशे लिटर होते, आणि त्याला १७५ युनिट, म्हणजे दोन हजार रुपयांच्या आत वीज लागेल. तुमचा एक हॅलोजन रोज दहा तास जळाला तर १७ ते १८ दिवसांत तेवढीच वीज खातो. गॅसशी तुलना हवी असेल तर अशी करा: ९० रुपयांचा गॅस हवेत १.६ लिटर पाणी घालतो. तेवढेच पाणी हवेतून काढायला या यंत्राला नऊ रुपये पुरतात.

मात्र हा खर्च मूर्तींतल्या पाण्यापुरता झाला. दोनशे घनमीटरच्या गाळ्यातली हवा फटींमधून तासाला एकदा जरी बदलली, तरी बाहेरच्या दमट हवेबरोबर दर तासाला दीड लिटरहून अधिक नवा ओलावा आत येतो, आणि यंत्र रात्रंदिवस समुद्राची हवा सुकवत बसते. म्हणून संपूर्ण गाळा सुकवू नका. एका कोपऱ्यात दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशी खोली जाड प्लास्टिकने वेगळी करा, सांधे चिकटपट्टीने बंद करा आणि मूर्ती फळ्यांवर तुकड्यातुकड्याने आत घ्या. तिथे तेवढ्याच गळतीचा भार तासाला पाव लिटरच्या आत राहील. वाफेचे पाणी होताना सुटलेली उष्णता आणि यंत्राची स्वतःची उष्णता, दोन्ही त्याच खोलीत राहतात, त्यामुळे ती वेगळी तापवावी लागत नाही. जुना एसी लावण्याचा मोह होईल, पण तो हीच उष्णता बाहेर फेकतो आणि मूर्ती थंड करतो. थंड माती सावकाश सुकते.

खरेदी करताना एक गोष्ट पाहा. 'दिवसाला तीस लिटर' हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवर मोजलेला असतो. खोली साठ टक्क्यांवर आली की यंत्र साधारण त्याच्या निम्मे पाणी काढते. पाण्याची नळी थेट मोरीत सोडा, नाहीतर रात्री टाकी भरून यंत्र बंद पडेल. साधा आर्द्रतामापक घेऊन पहिल्या दोन-तीन दिवसांत ७० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे लालबागकरांनी सांगितलेले तडे टळतील. त्यानंतर ५५ पर्यंत हळूहळू उतरवा.

पाच फुटी मूर्ती जागेवरच राहू द्या. तिच्याभोवती बांबूचा सांगाडा करून प्लास्टिकचा तंबू उभारा आणि लहान मूर्तींचा हंगाम उरकल्यावर तेच यंत्र त्यात ठेवा. रंगकामाच्या आधी मात्र पाठीमागून, बैठकीजवळ हात लावून पाहा. तिथे गार लागत असेल तोवर रंगाला हात घालू नका.