मदत हवी आहे: जिन्याखाली बाक कसा ठेवावा?

चार मजले, १६ घरं, एकच जिना, लिफ्ट नाही. शेजाऱ्यांची ओळख वाढावी म्हणून गच्चीवर खुर्च्या मांडल्या, पण तिथे मुद्दाम कोण चढणार? एकत्र जेवणही ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारं बंद. उलट जिन्याखाली टपालपेटीची किल्ली शोधताना माणसं आपसूक थांबतात, दोन शब्द बोलतात. सामाजिक मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि सहकाऱ्यांच्या १९५० च्या अभ्यासातही जिन्याजवळ, टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी जास्त निघाल्या होत्या.

म्हणून बाक तिथेच ठेवायचा आहे. तोडफोड शक्य नाही, आगीच्या वेळची वाट मोकळी हवी. सहा फुटांवर एका घराची खिडकी आहे. त्यांना कुणी सतत डोकावतंय असं अजिबात वाटायला नको. मग बाकाचं तोंड जिन्याकडे करावं की बाहेरच्या दाराकडे? कुणी करून पाहिलंय का?